स्तरीय प्रवाहाचे अचूक गणन आणि सीमास्तराचे स्थैर्य

(सौंसर व पांढुर्णा परिसरातील विज्ञान शाखेचे विद्यार्थी आणि गणिताचे अध्यापक यांच्यासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवघरात उदबत्ती लावल्यावर तिचा धूर प्रथम सरळ रेषेत वर जातो. काही अंतरावर त्या रेषेला हलकी लय येते, ती लय वाढत जाते आणि मग धुराचा एकाएकी गोंधळ उडतो. पहिल्या भागातील प्रवाहाला स्तरीय प्रवाह व शेवटच्या भागातील प्रवाहाला संक्षोभी प्रवाह अशी शास्त्रीय नावे आहेत. या दोहोंच्या मध्ये जी लय दिसते, तिच्यात आजच्या विषयाचे बीज आहे. उदबत्तीच्या धुरामागे उष्णतेचे कारण असल्यामुळे ते उदाहरण येथेच सोडून द्यावयास हवे. परंतु नीटनेटका प्रवाह बिघडण्यापूर्वी त्यात बारीक लाटा उठतात, ही गोष्ट विमानाच्या पंखावरून वाहणाऱ्या हवेलाही लागू आहे.

कोणत्याही घन पृष्ठभागाला लागून असलेली हवा त्या पृष्ठभागाला चिकटून राहते. पृष्ठभागावर तिचा वेग शून्य असतो आणि थोडे दूर गेल्यावर तो बाहेरच्या प्रवाहाच्या वेगाइतका होतो. वेगातील हा सर्व बदल ज्या पातळ थरात घडून येतो त्याला सीमास्तर म्हणतात. लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली हायडेलबर्ग येथील आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत ही कल्पना मांडली. त्यांचे विद्यार्थी ब्लासियस यांनी सपाट पट्टीवरील सीमास्तराचे गणित सोडवून १९०८ साली प्रसिद्ध केले.

आकड्यांची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण घेऊ. सौंसरच्या एखाद्या मोकळ्या शिवारात एक गुळगुळीत पत्रा वाऱ्याच्या दिशेला समांतर धरला आहे आणि वारा सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाने वाहत आहे, असे समजू. पत्र्याच्या पुढच्या कडेपासून १ मीटर अंतरावर, प्रवाह स्तरीय राहिला असल्यास, सीमास्तराची जाडी सुमारे ६ मिलिमीटर भरते. शिवारातला वारा मुळातच अस्थिर असतो, त्यामुळे तेथे प्रवाह लवकर बिघडेल. परंतु हाच पत्रा अतिशय शांत वातविवरात, म्हणजे प्रयोगासाठी नियंत्रित हवा वाहविणाऱ्या बोगद्यात ठेवला, तर प्रवाह जवळजवळ ४ मीटरपर्यंत स्तरीय राहू शकतो. त्या ४ मीटर लांबीवर स्तरीय प्रवाहाचे घर्षण संक्षोभी प्रवाहाच्या घर्षणाच्या सुमारे एक पंचमांश असते. विमानाच्या पंखावर प्रवाह कोठपर्यंत स्तरीय राहील हे आधी सांगता येणे म्हणजे विमानाला लागणाऱ्या इंधनाचा काही भाग आधी सांगता येणे होय. या प्रश्नाला अभियंते इतके महत्त्व देतात ते यासाठी.

हे भाकीत करण्याची रीत दोन पायऱ्यांची आहे. प्रथम मूळ स्तरीय प्रवाहाचे गणन करावयाचे, म्हणजे पृष्ठभागापासूनच्या प्रत्येक अंतरावर वेग किती आहे हे काढावयाचे. नंतर त्या प्रवाहावर एक अतिसूक्ष्म लाट सोडली असता ती विरते की वाढते हे तपासावयाचे. दुसऱ्या पायरीचे समीकरण ऑर यांनी १९०७ साली आणि सोमरफेल्ड यांनी १९०८ साली स्वतंत्रपणे मांडले. टोलमीन यांनी १९२९ साली ते सपाट पट्टीच्या सीमास्तराला लावले आणि श्लिख्टिंग यांनी १९३३ साली लाटांच्या वाढीचे गणित पुढे नेले. या लाटा प्रत्यक्षात कोणी पाहिलेल्या नव्हत्या. जर्मनीबाहेरच्या अनेक तज्ज्ञांना हे सर्व कागदावरचे गणित वाटत असे. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌स या संस्थेत शुबाउअर व स्क्रॅमस्टाड यांनी अत्यंत शांत असे वातविवर वापरून, सीमास्तरात धातूची एक पातळ फीत चुंबकाने कंपित करून, या लाटा मोजून दाखविल्या. महायुद्धामुळे ते निष्कर्ष काही वर्षे जाहीर होऊ शकले नाहीत. ते सर्वांसमोर आले ते १९४७ च्या सुमारास. कागदावरचे गणित खरे ठरले.

यात दुसरी पायरी अवघड व पहिली सोपी, असा समज सहज होतो. ब्लासियस यांचे समीकरण तर आज कोणताही साधा संगणक क्षणार्धात सोडवितो. परंतु स्थैर्याच्या गणनेत हात पोळतो तो बहुधा या सोप्या समजल्या गेलेल्या पहिल्या पायरीवर. मूळ प्रवाहाचे जे उत्तर घर्षण काढण्यास उत्तम असते, तेच उत्तर स्थैर्य तपासण्यास निरुपयोगी असू शकते. असे का व्हावे, हे नीट पाहण्यासारखे आहे.

ऑर आणि सोमरफेल्ड यांच्या समीकरणात मूळ प्रवाह दोन रूपांनी येतो: एकदा वेगाच्या रूपाने आणि दुसऱ्यांदा वेगाच्या द्वितीय अवकलजाच्या, म्हणजे वेगाच्या आलेखाच्या वक्रतेच्या रूपाने. घर्षणासाठी केवळ पृष्ठभागाशी असलेला त्या आलेखाचा उतार पुरतो. स्थैर्यासाठी मात्र तो आलेख प्रत्येक ठिकाणी किती वाकला आहे हे माहीत असावे लागते. रॅले यांनी १८८० सालीच दाखविले होते की श्यानता नसलेल्या प्रवाहात लाट वाढावयाची असेल, तर वेगाच्या आलेखात नतिपरिवर्तन बिंदू, म्हणजे वक्रतेचे चिन्ह बदलणारी जागा, असावीच लागते. सारे लक्ष वक्रतेकडे लागते ते या कारणाने.

आता असे समजू की एका विद्यार्थ्याने ब्लासियस यांच्या प्रवाहाचा चार दशांश स्थळांचा तक्ता कोठून तरी मिळविला. बाहेरचा वेग १ मानलेला आहे आणि पृष्ठभागापासूनचे अंतर एका सोयीच्या एककात मोजलेले आहे. आपल्या पत्र्यावर १ मीटरपाशी हे एकक सुमारे १.२ मिलिमीटर येते. तक्त्यातील नोंदी ०.१ एककाच्या अंतराने आहेत. वक्रता काढण्यासाठी विद्यार्थी शाळेत शिकविलेली रीत वापरतो: लागून असलेल्या तीन नोंदी घ्यावयाच्या, दोन टोकांच्या नोंदींच्या बेरजेतून मधल्या नोंदीची दुप्पट वजा करावयाची आणि अंतराच्या वर्गाने, म्हणजे ०.०१ ने, भागावयाचे. प्रत्येक नोंदीत पूर्णांकनाची त्रुटी जास्तीत जास्त ०.००००५ असू शकते. या त्रुटी एकमेकींच्या विरुद्ध पडल्या नाहीत तर त्यांची बेरीज ०.०००२ होते आणि ०.०१ ने भागल्यावर ती ०.०२ होते.

ही ०.०२ ची त्रुटी लहान म्हणावी काय? ब्लासियस यांच्या प्रवाहात वक्रतेचे परिमाण कोठेही ०.११३ च्या फारसे वर जात नाही. म्हणजे जेथे वक्रता सर्वांत जास्त आहे तेथेही त्रुटी सतरा-अठरा टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. परंतु लाटेच्या दृष्टीने महत्त्वाची जागा ती नव्हेच. लाटेचा स्वतःचा पुढे जाण्याचा वेग आणि प्रवाहाचा वेग जेथे सारखे होतात, त्या जागेला संधिस्तर म्हणता येईल. लाट आणि प्रवाह यांच्यातील ऊर्जेची देवघेव तेथे फार नाजूक असते. अस्थैर्याच्या आरंभी लाटेचा वेग बाहेरच्या वेगाच्या सुमारे ०.४ पट असतो. असा वेग पृष्ठभागापासून सुमारे १.२ एककांवर सापडतो आणि तेथील खरी वक्रता केवळ ०.०३८ च्या आसपास, ऋण चिन्हाची, आहे. तेथे ०.०२ ची त्रुटी म्हणजे निम्म्याहून अधिक. आणखी खाली, अर्ध्या एककावर, खरी वक्रता ०.००७ एवढीच आहे. तेथे त्रुटी खऱ्या किमतीच्या जवळजवळ तिप्पट असल्यामुळे वक्रतेचे चिन्हच उलटे निघू शकते. चिन्ह उलटले की प्रवाहात अस्तित्वात नसलेला नतिपरिवर्तन बिंदू कागदावर उगवतो, आणि रॅले यांच्या नियमाने जो प्रवाह तेथे निर्धोक असावयास हवा होता तो धोक्याचा दिसू लागतो. तक्त्यातला वेग मात्र चारही दशांश स्थळांपर्यंत बिनचूक आहे! आलेख काढून पाहिला तर डोळ्यांना कोठेही खोट दिसणार नाही.

येथे आणखी एक गंमत आहे. त्रुटी कमी करावी म्हणून विद्यार्थ्याने ०.०५ एककाच्या अंतराने नोंदी असलेला, पण चार दशांश स्थळांचाच, अधिक बारीक तक्ता मिळविला असे समजा. आता भागाकार ०.०१ ने न होता ०.००२५ ने होईल आणि त्रुटी ०.०२ वरून ०.०८ वर जाईल. अधिक बारीक तक्ता घेतल्याने उत्तर चौपट बिघडले. बारीक जाळे म्हणजे अचूक उत्तर, ही समजूत दशांश स्थळांची साथ नसेल तर उलटी पडते. तीच आकडेमोड आठ दशांश स्थळांनी केली, तर ०.१ एककाच्या अंतरावरही पूर्णांकनाची त्रुटी ०.०००००२ एवढीच राहते.

यावर एक साधा व खात्रीचा उपाय आहे. ब्लासियस यांचे समीकरणच मुळी वक्रता किती हे सांगते. त्या समीकरणातील अज्ञात फलनाचा पहिला अवकलज म्हणजे वेग, दुसरा अवकलज म्हणजे वेगाचा उतार आणि तिसरा म्हणजे वेगाची वक्रता होय. आणि समीकरणाचा अर्थ असा की फलन गुणिले उतार याच्या निम्म्याचे चिन्ह बदलले की वक्रता मिळते. संगणकाला फलन व उतार टप्प्याटप्प्यावर माहीत असतातच. तेव्हा वेगाच्या तक्त्यावरून फरक काढीत बसण्याऐवजी वक्रता समीकरणातूनच घ्यावी. मग ती फलनाइतकीच अचूक मिळते. संधिस्तरापाशी फलन ०.२३८ आणि उतार ०.३१७ आहे; त्यांच्या गुणाकाराचा निम्मा घेतला की वर सांगितलेली ०.०३८ ही वक्रता मिळते. हा उपाय इतका सोपा आहे की तो सांगावा लागतो याचेच आश्चर्य वाटावे. तथापि तयार तक्ते व तयार प्रणाली वापरण्याच्या सवयीमुळे तो पुष्कळदा राहून जातो.

फलन व उतार स्वतः अचूक हवेत, हे ओघाने आलेच. ब्लासियस यांच्या समीकरणात एक अडचण आहे. पृष्ठभागावर फलन शून्य व वेग शून्य या दोन अटी ठाऊक असतात; तिसरी अट मात्र अनंत अंतरावरची आहे, तेथे वेग १ व्हावयास हवा. पृष्ठभागाशी उतार किती घेऊन निघावे हे ठाऊक नसते. टोप्फर यांनी १९१२ साली यातून एक सुरेख वाट काढली. उतार सरळ १ धरून निघावे आणि दूरवर वेग किती होतो ते पाहावे. तो २.०८५४ येतो. या समीकरणाच्या विशिष्ट घडणीमुळे, या संख्येचे वर्गमूळ घेऊन त्याचा घन करावा आणि १ ला त्या घनाने भागावे, की खरा उतार हाती येतो: ०.३३२०६. अधिक स्थळांपर्यंत गेल्यास तो ०.३३२०५७३ आहे. अदमास करण्याची व पुनःपुन्हा सुधारण्याची गरजच राहत नाही. ज्या काळी गणकयंत्रे हाताने फिरवावी लागत, त्या काळची ही युक्ती आजही जुनी झालेली नाही.

टप्प्याटप्प्याने पुढे जाण्यासाठी रुंगे व कुट्टा यांची चतुर्थ क्रमाची रीत पुरेशी आहे. टप्पा निम्मा केला की या रीतीत त्रुटी सुमारे सोळा पटींनी कमी झाली पाहिजे. ही गोष्ट प्रत्यक्ष करून पाहिल्याखेरीज उत्तरावर विश्वास ठेवू नये. त्रुटी केवळ दुपटीने किंवा चौपटीने कमी होत असेल, तर आज्ञावलीत कोठे तरी चूक आहे असे खुशाल समजावे, मग उत्तर कितीही साजरे दिसो.

अनंत अंतर संगणकात मावत नाही. कोठे तरी थांबावे लागते. मूळ प्रवाहासाठी आठ-दहा एककांवर थांबले तरी चालते, कारण तेथे वेग १ च्या अत्यंत जवळ पोचलेला असतो. लाटेचे तसे नाही. लाटेचा जोर सीमास्तराबाहेर हळूहळू ओसरतो. अस्थैर्याच्या आरंभीची लाट घेतली, तर सीमास्तराच्या कडेपासून तिचा जोर सुमारे ०.३७ पट होण्यासाठी सीमास्तराच्या संपूर्ण जाडीपेक्षाही जास्त अंतर बाहेर जावे लागते. तेव्हा मूळ प्रवाहाला पुरलेली मर्यादा लाटेला पुरेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. बाहेर लाट कोणत्या घाताने ओसरते हे आधीच ठाऊक असल्याने तीच अट सीमेवर घालावी, हे उत्तम.

या अचूकतेची किंमत शेवटी कोठे वसूल होते, हेही पाहू. स्मिथ व गॅम्बरोनी यांनी अमेरिकेत आणि फान इंगेन यांनी हॉलंडमध्ये १९५६ साली, स्वतंत्रपणे, एक व्यवहारोपयोगी नियम सुचविला. प्रवाहाबरोबर पुढे जाताना लाटेच्या वाढीचा दर मिळवीत जावयाचा. ही बेरीज सुमारे ९ झाली, की प्रवाह संक्षोभी होतो असे धरावयाचे. नैसर्गिक लघुगणकाचा पाया जी ई ही संख्या, तिचा नववा घात ८,१०३ आहे. म्हणजे मूळ लाट आठ हजार पटींनी वाढलेली असते. बेरजेत पाच टक्के चूक झाली, तर लाटेच्या आकारात दीडपटीहून अधिक फरक पडतो. दहा टक्के झाली तर जवळजवळ अडीच पट. वक्रतेतील चूक वाढीच्या दरात शिरते, दरातील चूक बेरजेत साठते आणि बेरीज घातांकात जाऊन बसते. एखाद्या छोट्या ऋणावर चक्रवाढ व्याज चढावे तसे हे आहे.

प्रवाहाच्या आकारातील किरकोळ फरकाने स्थैर्य किती बदलते याचे आकडे बोलके आहेत. सीमास्तराच्या विस्थापन जाडीवर आधारलेला रेनल्ड्झ अंक ज्या किमतीला पोचल्यावर लाटा वाढू लागतात, ती किंमत सपाट पट्टीसाठी सुमारे ५२० आहे. टोलमीन यांच्या हाताने केलेल्या आसन्न गणनेत ती ४२० आली होती. प्रवाह जेथे आघाताने येऊन दुभंगतो, तेथे दाब अनुकूल असल्यामुळे ही किंमत सुमारे १२,४९० पर्यंत चढते. आणि प्रतिकूल दाबामुळे प्रवाह पृष्ठभागापासून सुटण्याच्या बेतात असतो तेथे ती अवघ्या ६७ पर्यंत उतरते. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकड्यात १८० पटींहून अधिक अंतर आहे. हे तिन्ही आलेख एका कागदावर काढले तर ते वेगवेगळे दिसतात खरे, पण इतके वेगळे असतील असे त्यांच्याकडे पाहून कोणी म्हणणार नाही.

सीमास्तराच्या संगणकीय गणनेच्या इतिहासात एक मराठी नाव आदराने घेतले जाते. पुण्यात १९४१ साली जन्मलेले सुहास पाटणकर हे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था येथे शिकून लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेले. तेथे ब्रायन स्पॉल्डिंग यांच्याबरोबर त्यांनी सीमास्तरातील उष्णता व वस्तुमान यांच्या वहनाच्या गणनेची पद्धत विकसित केली. त्यावरील ग्रंथ १९६७ साली प्रसिद्ध झाला. सीमास्तर पुढे जाता जाता जाड होतो. गणनेचे जाळेही त्याच्याबरोबर रुंदावत जावे, म्हणजे एकही बिंदू वाया जाणार नाही, अशी या पद्धतीची रचना आहे. पुढे १९८० साली आलेला त्यांचा संख्यात्मक उष्णतावहनावरील ग्रंथ जगभरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी वापरला. त्या ग्रंथात खोट्या विसरणाची चर्चा आहे. प्रवाहाच्या वरच्या बाजूच्या किमतीवरच भिस्त ठेवणारी साधी रीत वापरली, तर संगणक नकळत प्रवाहात जादा श्यानता मिसळतो, असा त्याचा आशय. ज्या अभियंत्याला भट्टीतील तापमान हवे असते, त्याला ही मिसळ काही मर्यादेपर्यंत चालते. स्थैर्य तपासणाऱ्याला ती मुळीच चालत नाही, कारण वक्रता पुसून टाकणे हाच त्या खोट्या श्यानतेचा गुण आहे. एकाच रीतीची एका कामासाठी प्रशंसा व दुसऱ्या कामासाठी मनाई, असे येथे करावे लागते.

प्रवाह बिघडण्याच्या अभ्यासात बंगलोरचाही मोठा वाटा आहे. सतीश धवन व रोद्दम नरसिंह यांनी १९५८ साली स्तरीय प्रवाह संक्षोभी होत असतानाच्या सीमास्तराच्या गुणधर्मांवर प्रसिद्ध केलेला निबंध आजही उद्धृत केला जातो. रमा गोविंदराजन व नरसिंह यांनी १९९५ साली, सीमास्तर पुढे जाताना जाड होतो ही गोष्ट हिशेबात धरून स्थैर्याचा विचार मांडला. बंगलोरच्याच राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत १९८६ साली प्रवाहाच्या गणनेसाठी फ्लोसॉल्व्हर हा समांतर संगणक तयार झाला, आणि विदर्भाचे सुपुत्र विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात १९९१ साली परम संगणक उभा राहिला. आजच्या साध्या संगणकाची शक्ती त्यांहून कितीतरी अधिक आहे. परंतु चार दशांश स्थळांचा तक्ता वेगवान संगणकात घातला, म्हणून त्याची पाच दशांश स्थळे होत नाहीत.

ध्वनीपेक्षा वेगवान प्रवाहात वेगाबरोबर तापमानाच्या आलेखाची वक्रताही लागते, आणि श्यानता तापमानाबरोबर कशी बदलते हेही. त्याचा विस्तार येथे करीत नाही.

सौंसर–पांढुर्ण्याच्या ज्या विद्यार्थ्याला हे काम स्वतः करून पाहावेसे वाटेल, त्याने दोन समांतर भिंतींमधील प्रवाहापासून आरंभ करावा. तेथे वेगाचा आलेख शुद्ध परवलय असतो. मूळ प्रवाहात चूक होण्यास जागाच नाही. ऑरस्झॅग यांनी १९७१ साली त्याचा सीमांत रेनल्ड्झ अंक ५७७२.२२ असा काढलेला आहे. स्थैर्याची आज्ञावली तेथे हा आकडा देत असेल, तर ती बरोबर आहे. मग तीच आज्ञावली सपाट पट्टीच्या सीमास्तराला लावावी. तेथे ५२० च्या जवळचे उत्तर आले नाही, तर दोष मूळ प्रवाहाच्या गणनेत आहे हे कळून चुकते, आणि शोध निम्म्यावर येतो.

यानंतर फॉकनर व स्कॅन यांनी १९३१ साली मांडलेल्या, दाब बदलत जाणाऱ्या प्रवाहांकडे वळावे. येथे टोप्फर यांची युक्ती चालत नाही. पृष्ठभागावरील उताराचा अदमास करून सुधारीतच जावे लागते. प्रतिकूल दाबाचा अंक −०.१९८८ च्या जवळ येतो तसतशी आणखी एक अडचण उद्भवते. स्ट्यूअर्टसन यांनी १९५४ साली दाखविल्याप्रमाणे, शून्य आणि हा अंक यांच्या दरम्यान त्याच समीकरणाला दुसरेही एक उत्तर असते, आणि त्यात पृष्ठभागाजवळचा प्रवाह उलट दिशेने वाहतो. दूरच्या अटी दोन्ही उत्तरे सारख्याच पाळतात, त्यामुळे संगणक यांपैकी कोणत्या उत्तरावर जाऊन थांबला हे तो स्वतः सांगत नाही. म्हणून वक्रतेचा तक्ता स्थैर्याच्या आज्ञावलीकडे देण्यापूर्वी पृष्ठभागावरील उताराचे चिन्ह धन आहे की ऋण, एवढे आधी पाहून घ्यावे.